गाणं कुणाचं, नाव कुणाचं, पैसा कुणाचा

'हम होंगे कामयाब' म्हटलं नाही असा माणूस आपल्याकडे शोधून सापडायचा नाही. १५ ऑगस्ट असो, गॅदरिंग असो, पेटीवर बसलेल्या बाईंना दुसरं काही सुचलं नाही की हेच. हिंदी शब्द गिरिजाकुमार माथुरांचे आणि मूळ गाणं इंग्रजी, 'वुई शॅल ओव्हरकम', इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्याही मागे मागे जात राहिलं की आपण थेट सिगारच्या कारखान्यात जाऊन पोचतो, आणि तिथून पुढे जी गुंतागुंत सुरू होते ती मला इतकी आवडते की जो कुणी ऐकायला तयार असेल त्याला मी सांगत सुटतो, तर आज तुमची पाळी.

साऊथ कॅरोलिना राज्यात चार्ल्सटन म्हणून बंदर आहे. तिथल्या अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगार कारखान्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये संप झाला, संपात काळ्या बायका भरपूर होत्या, आणि तो हिवाळाभर रेटला. गेटवर उभं राहून राहून कंटाळा येतो, थंडी वाजते, मग चर्चमधली गाणी. ल्युसिल सिमन्स नावाची एक कामगार दिवस संपताना एक जुनं गाणं अगदी संथ, ओढून ओढून म्हणायची आणि त्यात 'मी' होतं तिथे 'आम्ही' म्हणायची असं सांगतात. हे मूळ गाणं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, चार्ल्स टिंडली नावाच्या काळ्या पाद्र्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक भजन त्याच्या जवळ जातं पण चाल वेगळी आहे. संपातल्या बायकांनी ते टेनेसी राज्यातल्या हायलँडर नावाच्या शाळेत नेलं, ही कामगार आणि कार्यकर्त्यांना ट्रेनिंग देणारी जागा, तिथे संगीताचं काम बघणाऱ्या झिल्फिया हॉर्टनने ते उचललं, तिने पीट सीगर या लोकगीत गायकाला शिकवलं, आणि एप्रिल १९६० मध्ये रॅले शहरात जमलेल्या विद्यार्थी चळवळीतल्या पोरांना गाय कॅरावान नावाच्या गायकाने ते गिटारवर म्हणून दाखवलं. तिथून ते जे सुटलं ते सुटलंच. मार्च १९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेत भाषण करताना हेच शब्द बोलले.

त्यातलं एक कडवं तर नीट तारखेनिशी सापडतं. आपण 'नहीं डर किसी का आज' म्हणतो ना, ते. जुलै १९५९ मध्ये हायलँडरवर रात्री पोलिसांची धाड पडली, दिवे घालवले, मुलं अंधारात बसून राहिली, टॉर्च घेऊन पोलीस खोल्या धुंडाळतायत, आणि मॉन्टगोमेरीहून आलेली जमिला जोन्स नावाची शाळकरी पोरगी गाण्यात नवीनच ओळ घालून म्हणायला लागली की आम्हाला भीती वाटत नाही. हळूहळू सगळे म्हणायला लागले. तिने पुढे सांगितलंय की एका पोलिसाने तिला जरा हळू गा म्हणून विनवलं आणि त्याचा हात थरथरत होता. ती ओळ गाण्यात कायमची बसली, हिंदीत आली, आपल्या शाळेच्या मैदानावर आली.

आता कॉपीराइटची नोंद बघा. १९६० आणि १९६३ मध्ये गाणं रीतसर नोंदवलं गेलं, नावं चार: हॉर्टन, सीगर, कॅरावान आणि फ्रँक हॅमिल्टन. चौघेही गोरे. ल्युसिल नाही, जमिला नाही, कारखान्यातली एक बाई नाही. लगेच चोर चोर म्हणून ओरडायची घाई नको, कारण या लोकांनी पैसे घरी नेले नाहीत, रॉयल्टी हायलँडरच्या फंडात जायची आणि साऊथमधल्या काळ्या समाजाच्या कामाला लागायची. आपण नोंदवलं नाही तर उद्या कुणीतरी धंदेवाला येऊन नोंदवेल अशीही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. तरीपण मूळ प्रश्न तिथेच राहतो. गाणं तोंडातोंडी फिरत शंभर माणसांनी घडवलं असेल तर कागदावर नाव कुणाचं लिहायचं?

हे समजून घ्यायला आधी साऊथ म्हणजे काय ते दोन वाक्यांत. गुलामगिरी टिकवायला १८६१ च्या सुमारास अमेरिकेतून फुटलेली ११ राज्यं, व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत, आणि आसपासचा थोडा मुलूख. युद्ध हरले, १८६५ ला गुलामी कायद्याने गेली, पण कापूस तोच आणि जमीनमालकही बहुतेक तेच, फक्त आता काळं कुटुंब अर्धेलीने शेत करणार, बी-बियाणं, पीठ-मीठ मालकाच्या दुकानातून उधार आणणार, आणि वर्षाच्या शेवटी मालक वही उघडून सांगणार की बाबा तुझ्याकडेच अजून बाकी निघते. ती वही कुणाच्या हातात आहे हे लक्षात ठेवा, गाण्यांचंही पुढे तसंच झालंय.

तर या मुलखात गाणं तयार कसं व्हायचं. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या आठवा. एखादी ओळ मुळशीत ऐकायला मिळते, तीच बीडला, फक्त गावाचं नाव बदललेलं, आणि कुणी रचली विचारलं तर आजीकडून ऐकली म्हणतील. ब्लूजचं, म्हणजे साऊथमधल्या काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या गाण्यांचं, तसंच. सुट्या ओळींचा एक मोठा साठा सगळ्यांच्या डोक्यात असायचा, सकाळी उठलो तर दुःख उशाशी बसलेलं, आगगाडी माझं माणूस घेऊन गेली, नदी दारू असती तर मी बदक झालो असतो, अशा. गाणारा आपल्याला हव्या त्या उचलायचा, दोन स्वतःच्या घालायचा, झालं गाणं. आज एक, उद्या वेगळं.

आणि साचा इतका सोयीचा की बसल्या जागी रचता येतं. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार म्हणजे एक कडवं. ओळी तीन, त्यात दुसरी म्हणजे पहिलीच पुन्हा, आणि तिसरी यमक जुळवून टोला मारणारी. मी आत्ता एक रचून दाखवतो, साहित्य म्हणून वाचू नका:

नदीला आला पूर, माझं शेत गेलं वाहून,
अहो नदीला आला पूर, माझं शेत गेलं वाहून,
सावकार तेवढा आला, कोरडे पाय घेऊन.

पहिली ओळ दोनदा म्हणायची कारण तेवढ्या वेळात तिसरी सुचते, शिवाय ऐकणाऱ्यांना कळतं की आता काहीतरी येणार. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात, त्यातल्या साधारण अर्ध्यात गळा गातो आणि उरलेल्यात गिटार उत्तर देते, म्हणजे एकटा माणूस स्वतःशीच सवाल-जवाब करतोय. खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे झुबके, तीनच: सा वरचा, म वरचा आणि प वरचा. पहिली ओळ सा वर, दुसरी शब्दांनी तीच पण खाली म चा कॉर्ड येतो म्हणून तेच शब्द वेगळ्या प्रकाशात दिसतात, मग परत सा, तिसऱ्या ओळीला प, म करत घरी. बस, एवढंच. यावर हजारो गाणी उभी आहेत. अर्थात खेड्यातले जुने गायक बारा मोजत बसायचे नाहीत, मनात आलं की साडेअकरा, मनात आलं की तेरा, साथ करणाऱ्याने सांभाळून घ्यायचं.

आणि तो जो दुखरा सूर असतो तो बहुतेक वेळा गंधारात. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधे कुठेतरी, पियानोवर ती पट्टीच नाही, म्हणून बाटलीची मान कापून बोटात घालायची किंवा सुरी घ्यायची आणि तारेवरून घसरवत त्या सुरापर्यंत जायचं. मींड ऐकायची सवय असलेल्या कानाला हे लगेच कळतं, आमच्या ओळखीतले एक व्हायोलिनवाले काका ब्लूजच्या वाटेला कधी गेले नव्हते, त्यांना ऐकवलं तर म्हणाले हा माणूस गिटार नाही वाजवत, गातोय तारेवर.

हा प्रकार कागदावर आला कसा त्याची गोष्ट डब्ल्यू. सी. हँडीने स्वतः लिहून ठेवलीये. हँडी अलाबामाचा, शिकलेला बँडमास्टर, स्वरलिपी येणारा. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत पेंगत होता तर शेजारी एक फाटक्या कपड्यातला काळा माणूस गिटारच्या तारेवर सुरी दाबून एकच ओळ परत परत म्हणत होता, दोन रेल्वेलाइनी जिथे एकमेकींना कापतात तिथे मी चाललोय अशा अर्थाची. हँडी म्हणतो इतकं विचित्र संगीत मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे त्याने हाच ढंग घेऊन १९१२ ला 'मेम्फिस ब्लूज' छापलं, त्याचे हक्क किरकोळ पैशांत विकून बसला, मग शहाणा झाला आणि १९१४ चं 'सेंट लुईस ब्लूज' स्वतःच्या प्रकाशनातून काढलं. त्यावर तो आयुष्यभर जेवला. 'ब्लूजचा बाप' म्हणून त्याचे पुतळे आहेत. स्टेशनवरच्या माणसाचं नाव कुठेही नाही.

आता जरा कायद्याकडे वळू, कंटाळा येणार नाही एवढंच सांगतो. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक शब्द आणि चालीचा, म्हणजे गीतकार-संगीतकाराचा. दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, म्हणजे अमुक दिवशी अमुक माणसाने गायलं तो आवाज. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने शब्द-चालीच्या मालकाला दर रेकॉर्डमागे दोन सेंट ठरवून दिले, आणि हा दोन सेंटचा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला बरं का. रेकॉर्डिंगला तर १९७२ पर्यंत देशपातळीवर कॉपीराइटच नव्हता. शिवाय तिसरी गोष्ट, एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाहेर आलं की दुसरा कुणीही ते गाऊन रेकॉर्ड काढू शकतो, मूळ माणसाची परवानगी लागत नाही, ठरलेला दर, तेव्हाचे दोन सेंट, भरला की झालं. आणि ते दोन सेंट जायचे प्रकाशकाकडे. प्रकाशकाने पुढे लेखकाला द्यायचे. द्यायचे.

एवढं कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. गाणाऱ्याला स्टुडिओत एकरकमी पैसे मिळायचे आणि तो घरी जायचा, खरी कमाई नोंदीत ज्याचं नाव त्याची. आणि जे गाणं आजीकडून आलंय त्याला मालकच नाही, पण त्यात थोडं इकडचं तिकडे करून 'मांडणी माझी' म्हणून नोंदवता येतं. म्हणजे ज्याच्याकडे कागद-पेन आणि वकील, गाणं त्याचं.

राल्फ पीअर या माणसाला हे सगळ्यात आधी कळलं. व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीला त्याने सांगितलं पगाराचं मला फार नाही, गाण्यांचे प्रकाशनाचे हक्क माझ्याकडे द्या. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तो ब्रिस्टल गावात मशीन घेऊन आला. हे गाव गमतीदार आहे, मुख्य रस्त्याच्या एका बाजूला टेनेसी राज्य आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. तिथे कार्टर कुटुंब आलं, ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि भावजय मेबेल जी तेव्हा गरोदर होती. कंट्री म्युझिकचा, म्हणजे साऊथमधल्या गोऱ्या खेडुतांच्या गाण्यांतून आलेल्या संगीताचा, पाया इथे घातला गेला असं मानतात. पण पीअरला एक अट होती, गाणी अशी हवीत जी आधी कुणी नोंदवलेली नाहीत. कार्टरांकडची गाणी संपत आली. मग ए. पी. डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत फिरायला लागला.

यात लेस्ली रिडल येतो, आणि इथे मला थांबायचंय कारण हा माणूस मला फार आवडतो. काळा, किंग्जपोर्टचा, सिमेंटच्या कारखान्यात अपघातात एक पाय गेलेला, उजव्या हाताची दोन बोटंही बंदुकीच्या अपघातात गेलेली, आणि तरी गिटार असं वाजवायचा की मेबेल कार्टर त्याच्याकडून शिकली. ए. पी. त्याला सोबत घेऊन गावोगाव जायचा. कुणी म्हातारी ओट्यावर बसून गाणं सांगायची, ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, पण चाल त्याच्या लक्षात राहायची नाही, ती रिडलच्या लक्षात राहायची. घरी आल्यावर रिडल वाजवून दाखवणार, मग बायका बसवणार. एका गोऱ्याने आणि एका काळ्याने असं एकत्र हिंडणं तेव्हाच्या साऊथमध्ये सोपं नव्हतं, लेस्ली कार्टरांच्या घरी राहायचा, जेवायचा, ते प्रेम खरंच होतं असं वाटतं. नोंदीत मात्र ए. पी. कार्टर. ओट्यावरच्या म्हातारीचं नाव नाही, रिडलचं नाही. रिडलने पुढे गिटार जवळजवळ सोडून दिली आणि उत्तरेला रॉचेस्टरला जाऊन राहिला, १९६५ मध्ये लोकगीतं गोळा करणारा माइक सीगर त्याला शोधत गेला तेव्हा कुठे त्याच्या स्वतःच्या आवाजात काही गाणी टेपवर आली. ऐका ती. त्यात जराही फुशारकी नाही.

एल्व्हिस प्रेस्ली या रॉक-अँड-रोलवाल्या गोऱ्या गायकाची गोष्ट याच्यापेक्षा प्रसिद्ध आहे, आणि लोक ती जरा जास्तच सरळ करून सांगतात. ५ जुलै १९५४, मेम्फिसचा सन स्टुडिओ, १९ वर्षांचा एल्व्हिस, काही जमत नाहीये, मधल्या सुट्टीत तो चेष्टेत 'दॅट्स ऑल राइट' म्हणत उड्या मारायला लागतो आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स आतून विचारतो हे काय चाललंय, परत करा. ते गाणं आर्थर 'बिग बॉय' क्रुडपचं, मिसिसिपीचा काळा गायक, त्याने १९४६ ला रेकॉर्ड केलेलं. एल्व्हिसने परवानगी घेतली नाही कारण वर सांगितलं तसं लागतच नव्हती, आणि रेकॉर्डवर नाव क्रुडपचंच छापलं. पैसे मात्र मधेच अडकले. क्रुडपचे हक्क त्याच्या मॅनेजरने केव्हाच स्वतःकडे घेतलेले. क्रुडप शेतमजुरी करत राहिला, दुसऱ्यांची शेतं, दुसऱ्यांचे बटाटे. सत्तरच्या दशकात एका तडजोडीची रक्कम ठरली, बाप आणि मुलं सही करायला न्यूयॉर्कला गेली, आणि समोरच्या प्रकाशन कंपनीने ऐन वेळी सहीला नकार दिला. १९७४ मध्ये तो वारला. घरच्यांना थोडेफार पैसे मिळाले ते त्यानंतर.

इथे एल्व्हिसला शिव्या घालून मोकळं होता येतं, पण गंमत अशी की 'दॅट्स ऑल राइट' मधल्या त्या मुख्य ओळीसारखीच ओळ टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसनने १९२६ मध्येच गायली होती. मग क्रुडप चोर? नाही हो, तो साठ्यातली ओळ वापरत होता, जसे सगळे वापरायचे. फरक एवढाच की क्रुडपने साठ्यातून घेतलं तेव्हा साठा कमी झाला नाही, आणि मॅनेजरने नोंदवून घेतलं तेव्हा क्रुडपच्या घरातलं पीठ कमी झालं. माझ्या मते वाद 'कोण कुणाचं गायलं' यावर घालण्यात काही अर्थ नाही, गाणी फिरणारच, फिरावीत. वाद घालायचा तर हिशेबाच्या वहीवर घाला. त्याच एल्व्हिसच्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या केंटकीवाल्याचं गाणं होतं, तेही एल्व्हिसने पार उलटंपालटं केलेलं, पण मन्रो शेतमजुरी करत मेला नाही.

लेडबेलीबद्दल थोडक्यात. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात १९३३ मध्ये जॉन लोमॅक्स गाणी गोळा करायला गेला तेव्हा सापडलेला कैदी. गाणं ऐकून गव्हर्नरने त्याला सोडलं ही दंतकथा, प्रत्यक्षात चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून सुटला. 'गुडनाइट आयरीन' त्याने काकाकडून शिकलेलं. १९५० मध्ये वीव्हर्स ग्रुपने गायलं आणि अमेरिकेत आठवडेच्या आठवडे एक नंबरवर राहिलं. लेडबेली डिसेंबर १९४९ मध्ये गेला होता. लेखक म्हणून नोंदीत त्याच्यासोबत लोमॅक्सचंही नाव आहे, आणि ते तिथे का, याचं मला पटणारं उत्तर अजून मिळालेलं नाही.

लेखकांकडे येतो, कारण साऊथमध्ये गाणी आणि गोष्टी एकाच ओट्यावर बसायच्या. विल्यम फॉकनर, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डचा, नोबेलवाला, वाचायला अवघड म्हणून लोक घाबरतात, त्यांना मी सांगतो 'दॅट इव्हनिंग सन' ही १९३१ ची कथा आधी वाचा. नॅन्सी नावाची काळी धोबीण आहे, आपला नवरा आज रात्री आपल्याला मारणार याची तिला खात्री आहे, आणि ती गोऱ्या घरातल्या लहान पोरांना म्हणते माझ्या झोपडीत चला, मी गोष्ट सांगते, म्हणजे एकटं राहायला नको. पोरांना काही कळत नाही, त्यांची आपापसात भांडणं चाललेली. हे शीर्षक हँडीच्या 'सेंट लुईस ब्लूज'च्या पहिल्या ओळीतून उचललंय, संध्याकाळचा सूर्य मावळताना बघवत नाही असं ती गाणारी बाई म्हणते. तेव्हाच्या वाचकाच्या डोक्यात शीर्षक वाचताच गाणं सुरू होत असणार. आपल्यालाही व्हावं म्हणून आधी बेसी स्मिथ या काळ्या ब्लूज गायिकेच्या आवाजात ते ऐका आणि मग कथा वाचा, फॉकनर अचानक सोपा होतो.

पण या सगळ्यात माझी लाडकी झोरा नील हर्स्टन. वाढली फ्लोरिडातल्या ईटनविल गावात, जिथे पूर्ण कारभार काळ्या लोकांच्या हातात होता, बाप काही काळ मेयर. न्यूयॉर्कला बर्नार्ड कॉलेजात फ्रान्झ बोआस या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाकडे शिकली आणि मग गाडी घेऊन, पर्समध्ये पिस्तूल टाकून, साऊथमध्ये गाणी-गोष्टी गोळा करायला एकटी फिरली. फ्लोरिडातल्या लाकूडतोडीच्या कॅम्पवर गेली तर तिची चकचकीत गाडी बघून लोकांना वाटलं पोलिसांची खबरी आलीये, कुणी तोंड उघडेना. तिने थाप मारली की मी चोरटी दारू विकते आणि पोलीस माझ्या मागे आहेत. लगेच विश्वास बसला. एका रात्री तिथल्याच एका बाईने मत्सरापायी तिच्यावर चाकू उगारला आणि झोरा गाडीत बसून पळाली, हे सगळं तिने 'म्यूल्स अँड मेन' या १९३५ च्या पुस्तकात इतकं मजेत लिहिलंय की आपण अभ्यासग्रंथ वाचतोय हे विसरतो.

तिचा आवाजही आहे. १९३९ मध्ये जॅक्सनविलमध्ये सरकारी प्रोजेक्टवर रेकॉर्डिंग झालं, त्यात ती स्वतः गाते, रेल्वेचे रूळ सरकवताना मजूर म्हणतात ते गाणं, आणि समोरच्याने विचारलं तू गाणी शिकतेस कशी तेव्हा सांगते की मी गर्दीत घुसते, लोक गातात ते ऐकते, हळूहळू त्यांच्यात सूर मिसळते, त्यांना म्हणून दाखवते, त्यांनी हो आता जमलं म्हटलं की मग ते पक्कं. म्हणजे गाणं आलं की नाही याचा निकाल देणारे ते मजूर. इतक्या गाणी गोळा करणाऱ्यांमध्ये हे असं ठेवणारी ती एकच नसेल, पण मला तिच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालं नाही.

आणि तरी वही तिलाही चुकली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये तिने शार्लट ऑसगुड मेसन नावाच्या श्रीमंत गोऱ्या बाईंशी करार केला, महिना २०० डॉलर मिळणार, आणि बदल्यात गोळा केलेलं सगळं साहित्य बाईंच्या मालकीचं. स्वतःच्या गावची गाणी स्वतः आणायची आणि छापायला परवानगी मागायची. शेवटची वर्षं तिने हलाखीत काढली, कधी घरकाम, कधी कुठे बदली शिक्षिका, १९६० मध्ये फोर्ट पिअर्सला गेली, कबरीवर दगडसुद्धा नव्हता. १९७३ मध्ये लेखिका अ‍ॅलिस वॉकर वाढलेल्या गवतातून ती जागा शोधत गेली आणि दगड बसवून आली.

कबरींचं हे प्रकरण साऊथच्या गाणाऱ्यांच्या बाबतीत फार आहे. बेसी स्मिथची कबर १९७० पर्यंत बेनाव होती. रॉबर्ट जॉन्सन, ज्याची फक्त २९ गाणी आहेत आणि ज्याने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकली म्हणतात, त्याची नेमकी कबर कुठली यावरच तंटा, तीन जागी दगड आहेत. सैतानाची गोष्ट मला जाम बोअर होते. खरी गोष्ट अशी की तो आइक झिमरमन नावाच्या माणसाकडे शिकला आणि दोघं रात्री स्मशानात बसून रियाज करायचे, कारण तिथे कुणी आवाज बंद करा म्हणत नाही. काळ्या माणसाने मेहनत केली म्हणण्यापेक्षा सैतान आला म्हणणं लोकांना सोपं गेलं.

आणि ब्लाइंड विली जॉन्सन. टेक्सासचा आंधळा रस्त्यावरचा धर्मप्रचारक, १९२७ च्या डिसेंबरमध्ये डॅलसला त्याने 'डार्क वॉज द नाइट' रेकॉर्ड केलं, त्यात शब्द नाहीतच, नुसता हुंकार आणि तारेवरची मींड. १९४५ मध्ये घर जळालं, ओल्या अंथरुणावर झोपला, तापाने गेला. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली त्यात हे आहे, आणि तबकडीवर त्याच्या लगेच आधी कोण, तर आपल्या केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. केसरबाई आपली विद्या इतकी जपायच्या की धोंडूताई कुलकर्णींचा अपवाद सोडला तर कुणाला हाती लागू दिली नाही, आणि शेजारी हा रस्त्यावर डबा लटकवून गाणारा. दोघांना सलग ऐका, भैरवी संपते आणि हा हुंकार सुरू होतो तिथे सांधा जाणवत नाही म्हणता येणार नाही, पण तो खटकतही नाही.

'वुई शॅल ओव्हरकम'चं पुढे काय झालं ते राहिलंच. २०१६ मध्ये काही लोक कोर्टात गेले की हे गाणं कुणाच्या मालकीचं असूच शकत नाही. २०१७ मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं की आधीच छापलेल्या गाण्यात एखाद-दोन शब्द बदलल्याने पहिलं कडवं नवीन होत नाही, आणि जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणं सगळ्यांसाठी मोकळं झालं. जुन्या रेकॉर्डिंगनाही नवीन कायद्याने मुदत मिळालीये, १९२३ च्या रेकॉर्ड १ जानेवारी २०२४ ला मोकळ्या झाल्या आणि तिथून पुढे दर १ जानेवारीला एकेक वर्ष सुटतंय. त्या १९२३ च्या ढिगात बेसी स्मिथची पहिली गाजलेली रेकॉर्ड 'डाउनहार्टेड ब्लूज' आहे. गाणं लिहिलेलं मेम्फिसच्या अल्बर्टा हंटरने, लव्ही ऑस्टिनसोबत. बेसीची रेकॉर्ड धो धो खपली, आणि अल्बर्टाचं आयुष्यभर म्हणणं होतं की तिला न विचारता परस्पर व्यवहार होऊन तिच्या वाट्याचे पैसे भलत्याच्याच खिशात गेले. १९५७ मध्ये तिने गाणं सोडलं, वयाची १२ वर्षं लपवून नर्सिंग शिकली आणि न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात २० वर्षं नोकरी केली. १९७७ मध्ये ७० पूर्ण झाली म्हणून हॉस्पिटलने तिला सक्तीने रिटायर केलं. ती तेव्हा ८२ ची होती. त्याच वर्षी ती एका रेस्टॉरंटमध्ये परत गायला उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी हेच 'डाउनहार्टेड ब्लूज' तिने पुन्हा रेकॉर्ड केलं. आधी बेसीचं ऐका, मग म्हातारीचं. मला म्हातारीचं जास्त आवडतं, ज्यांना पटत नाही त्यांच्याशी भांडायला मी कधीही तयार आहे.